देहस्वातंत्र्य आणि स्वदेहविषयक कर्तव्ये

देहस्वातंत्र्य आणि स्वदेहविषयक कर्तव्ये हा नीतिशास्त्र आणि राजकीय तत्त्वज्ञान यांच्या सीमेवरील विषय आहे. स्वतःच्या शरीराचे काय करावे हे ठरविण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, आणि त्या शरीराप्रती माणसाचे स्वतःचे काही देणे लागते काय, असे त्यातील दोन मूळ प्रश्न आहेत. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हे प्रश्न मुख्यतः जॉन लॉक, इमॅन्युएल कांट आणि जॉन स्टुअर्ट मिल यांच्या लेखनातून मांडले गेले. भारतीय परंपरेत धर्मशास्त्र, आयुर्वेद, जैन व बौद्ध आचारविचार आणि संतवाङ्मय यांत त्यांची चर्चा आढळते. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा वाद न्यायालये, नियतकालिके आणि कामगार परिषदा यांतून पुढे गेला. रखमाबाईंचा खटला, रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मनमाडची रेल्वे कामगार परिषद (१९३८) आणि आत्महत्येच्या प्रयत्नाविषयीचा मुंबई उच्च न्यायालयाचा १९८६ चा निर्णय हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत.

संकल्पना

‘माझे शरीर’ या शब्दप्रयोगात षष्ठी विभक्ती आहे; परंतु ‘माझे घर’ आणि ‘माझा हात’ यांतील षष्ठीचा अर्थ एक नाही. घर विकता येते, गहाण टाकता येते, पाडता येते. हाताच्या बाबतीत असे म्हणता येईल काय, याविषयी मतभेद आहेत. शरीर ही व्यक्तीची मालमत्ता आहे असे मानणारे विचारवंत त्याच्या विनियोगाचा पूर्ण अधिकार व्यक्तीला देतात. शरीर हेच व्यक्तीचे अस्तित्व आहे असे मानणाऱ्यांच्या मते मालक आणि मालमत्ता असा भेदच येथे संभवत नाही. शरीर ही ईश्वराची, पूर्वजांची किंवा समाजाची ठेव आहे, असे मानणारा तिसरा पक्ष आहे. भारतीय समाजात व्यवहारात बहुधा हाच तिसरा पक्ष प्रबळ राहिला.

‘स्वतःप्रती कर्तव्य’ या कल्पनेत एक तार्किक अडचण आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ मार्कस सिंगर यांनी १९५९ मध्ये ती नेमकेपणाने मांडली. कर्तव्य हे ऋणासारखे असते आणि ज्याचे ऋण आहे तो ते माफ करू शकतो. स्वतःचे ऋण स्वतःलाच असेल, तर धनको आणि ऋणको एकच ठरतात. मग धनकोने हवे तेव्हा कर्ज माफ करावे आणि ऋणकोने मोकळे व्हावे. ज्यातून केव्हाही सुटता येते ते कर्तव्य कसले, असा सिंगर यांचा प्रश्न होता. त्यावर दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. आजच्या ‘मी’चे देणे उद्याच्या ‘मी’ला असते, आणि उद्याचा ‘मी’ माफी देण्यास आज उपस्थित नसतो, हे एक. काही देणी व्यक्तीच्या इच्छेची नसून तिच्यातील माणूसपणाची असतात व ती माफ करण्याचा अधिकार कोणालाच नसतो, हे दुसरे. दुसऱ्या उत्तराची मुळे कांटच्या नीतिविचारात आहेत.

पाश्चात्त्य विचार

लॉकने १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासनविषयक दुसऱ्या निबंधात प्रत्येक माणसाची स्वतःच्या व्यक्तित्वावर मालकी असल्याचे सांगितले आणि श्रमाच्या फळावरील हक्क त्यातून काढला. त्याच ग्रंथात माणूस ही ईश्वराची निर्मिती असल्याने त्याला स्वतःचा नाश करण्याची मोकळीक नाही, असेही तो म्हणतो. मालकी आहे पण विल्हेवाटीचा अधिकार नाही, ही लॉकची भूमिका पुढील अनेक कायद्यांत जशीच्या तशी उतरलेली दिसते.

कांटने १७९७ च्या ग्रंथात स्वतःप्रती असलेल्या कर्तव्यांना नीतीच्या केंद्रस्थानी ठेवले. माणसाने दुसऱ्याला केवळ साधन म्हणून वापरू नये, तसेच स्वतःलाही वापरू नये, हा त्याचा युक्तिवाद. आत्मघात, अतिमद्यपान आणि खादाडपणा यांना त्याने स्वतःप्रती असलेल्या कर्तव्याचा भंग मानले. दुसऱ्याच्या तोंडात बसविण्यासाठी स्वतःचा दात देणे किंवा विकणे हेही त्याने याच सदरात घातले. आजच्या वाचकाला हे उदाहरण विचित्र वाटेल. पण अवयवांच्या खरेदी-विक्रीवरील आधुनिक बंदीमागचा विचार याहून फार दूरचा नाही.

मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात याच्या विरुद्ध टोकाची भूमिका घेतली. व्यक्ती आपल्या देहावर आणि मनावर सार्वभौम आहे. समाजाने तिच्यावर सक्ती करावी ती केवळ इतरांना होणारी इजा टाळण्यासाठी. स्वतःप्रती कर्तव्य म्हणजे दूरदृष्टी, आत्मसन्मान किंवा आत्मविकास, आणि त्याबद्दल व्यक्ती समाजाला जबाबदार नाही. स्वतःला गुलाम म्हणून विकण्याची मुभा मात्र मिलने नाकारली, कारण स्वातंत्र्य वापरून स्वातंत्र्यच संपविणे त्याला विसंगत वाटले. या तत्त्वातून त्याने लहान मुलांना वगळले, आणि त्याच्या मते ‘मागासलेल्या’ असलेल्या समाजांनाही वगळले. मिल अनेक वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याचा ग्रंथ वाचून महाराष्ट्रातील सुधारकांनी स्त्रियांच्या स्वातंत्र्याची मागणी केली, तेव्हा लेखकाने आपल्याला या ग्रंथाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे याची त्यांना अडचण वाटली नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

भारतीय परंपरा

चरकसंहितेत माणसाच्या तीन एषणा, म्हणजे मूलभूत इच्छा, सांगितल्या आहेत: प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा. त्यांत प्राणैषणा पहिली, कारण प्राण गेला की सर्वच गेले. नगराचा अधिपती नगराची आणि सारथी रथाची जशी काळजी घेतो तशी बुद्धिमान माणसाने शरीराची घ्यावी, असेही ही संहिता सांगते. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त तप करणाऱ्या पार्वतीला बटूच्या वेषातील शंकर शरीर हे धर्माचे पहिले साधन असल्याची आठवण करून देतो. या सर्व उदाहरणांत शरीर जपायचे ते कशासाठी तरी. त्याचे मूल्य साधनाचे आहे.

बुद्धाने देहदंड आणि भोगलोलुपता ही दोन्ही टोके नाकारून मध्यम मार्ग सांगितला. पंचशीलातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. त्यात शरीराच्या हानीपेक्षा भान सुटण्यावर भर आहे, कारण भान सुटले की उरलेली चार शीलेही सुटतात.

जैन आचारधर्मात सल्लेखना या व्रताला विशेष स्थान आहे. निवारण न होणारे संकट, दुष्काळ, वार्धक्य किंवा असाध्य व्याधी आली असता कषाय आणि आहार क्रमाने कमी करीत देह सोडणे, असे त्याचे स्वरूप समंतभद्राच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त सांगितले आहे. पूज्यपाद या आचार्यांनी ‘सर्वार्थसिद्धी’त हा आत्मघात नव्हे असा युक्तिवाद केला. घराला आग लागली तर व्यापारी आधी ती विझविण्याचा प्रयत्न करतो. घर वाचत नाही असे दिसल्यावर आतील माल वाचवितो. देह हे घर आणि व्रते हा माल, असा हा दृष्टांत आहे. मनमाडजवळील अनकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांपैकी टंकाईच्या अंगाला कोरलेली जैन लेणी आहेत. देहाविषयीची ही दृष्टी या भागाला किती जुन्या काळापासून परिचित आहे, याची ती खूण होय. आधुनिक काळातील प्रसिद्ध उदाहरण आचार्य शांतिसागर यांचे आहे. दृष्टी क्षीण झाल्यावर मुनिधर्मातील अहिंसा पाळणे शक्य नाही या विचाराने त्यांनी कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला.

संतवाङ्मय

वारकरी संतांच्या रचनांत देहाविषयी दोन सूर एकत्र नांदतात. देह नाशवंत आणि मोहाचे घर आहे, हा एक. याच देहात ईश्वर भेटतो म्हणून तो पवित्र आहे, हा दुसरा. एकनाथांनी तर देहालाच पंढरीचे रूपक दिले.

या विषयाच्या दृष्टीने सर्वांत धारदार प्रश्न मात्र सोयराबाईंनी विचारला. चोखामेळ्यांच्या पत्नी असलेल्या सोयराबाई विटाळाच्या कल्पनेची चिकित्सा करतात. विटाळ देहातच उपजत असेल तर विटाळावाचून देह आहेच कोणाचा, असा त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगाचा आशय आहे. तत्त्वचिंतक देहाचे स्वामित्व कोणाकडे, हे विचारत होते. ज्यांच्या देहाचा स्पर्शच समाजाने निषिद्ध ठरविला होता त्यांना त्याआधीची पायरी लढवावी लागली.

रखमाबाईंचा खटला

ब्रिटिशकालीन मुंबईत देहस्वातंत्र्याचा प्रश्न न्यायालयात सर्वप्रथम गाजला तो दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई या दाव्याने. रखमाबाई (१८६४–१९५५) यांचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. त्या माहेरीच राहिल्या आणि शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्क प्रस्थापित करण्यासाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी, अजाण वयात संमतीवाचून लग्न झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पतीकडे जाण्यास भाग पाडणे अनुचित आहे, या भूमिकेतून दावा फेटाळला. अपिलात प्रकरण परत पाठविले गेले आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे नांदण्यास जाण्याचा, अन्यथा सहा महिन्यांच्या कैदेचा पर्याय दिला. त्यांनी तुरुंगात जाण्याची तयारी दर्शविली.

या उत्तराचे तात्त्विक महत्त्व मोठे आहे. देह कोठे राहील हे न्यायालय ठरवू शकते, पण तो कोणाला द्यायचा हे ठरवू शकत नाही, असा भेद त्यात आहे. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या आणि परत आल्यावर त्यांनी सुरत व राजकोट येथे डॉक्टर म्हणून दीर्घकाळ काम केले.

याच काळात बेहरामजी मलबारी यांच्या चळवळीतून संमतिवयाचा वाद पेटला. १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा करण्यात आले. लोकमान्य टिळकांचा विरोध मुख्यतः परकीय सरकारने सामाजिक रूढींत हात घालण्याला होता. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारका’तून कायद्याची बाजू घेतली. आगरकरांवर मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांचा प्रभाव होता. विधवांचे केशवपन, बालविवाह आणि स्त्रियांचा पोशाख या तिन्ही प्रश्नांत शरीर ज्याचे आहे त्याची सोय व आरोग्य हा निकष त्यांनी लावला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईत नाभिकांना केशवपनास नकार देण्यासाठी संघटित केले. एकाच्या देहावरील अत्याचार दुसऱ्याच्या हातून घडतो आणि तो हात मागे घेण्याचेही स्वातंत्र्य असते, हे या घटनेतून दिसले.

प्लेग आणि सरकारी हात

१८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये घराघरांत शिरून स्त्रीपुरुषांची तपासणी करण्यात आली. त्या वर्षीचा साथरोग कायदा सरकारला व्यापक अधिकार देत होता. तपासणीच्या रीतीविषयीचा असंतोष २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यापर्यंत गेला. ‘इतरांना इजा’ हा मिलचा निकष येथे सरकारच्या बाजूने उभा होता, कारण साथ पसरत होती. लोकांचा आक्षेप तत्त्वाला होता त्यापेक्षा स्पर्शाच्या पद्धतीला अधिक होता. हाच कायदा २०२० मध्ये कोविड साथीच्या वेळी पुन्हा वापरला गेला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणबद्ध निर्बंध घालता येतात, असा निर्वाळा दिला.

र. धों. कर्वे आणि ‘समाजस्वास्थ्य’

मराठीत देहस्वातंत्र्याची सर्वाधिक सुसंगत मांडणी रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी केली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. गणिताचे प्राध्यापक असताना त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या प्रचारामुळे १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि मृत्यूपर्यंत ते चालविले. पत्नी मालतीबाई यांची त्यांना साथ होती. दोघांनी मूल न होऊ देण्याचा निर्णय घेतला होता.

कर्वे यांची भूमिका थोडक्यात अशी होती: दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीने घडणाऱ्या आणि तिसऱ्याला इजा न करणाऱ्या कृत्यात नीती-अनीतीचा प्रश्न येत नाही, मूल होऊ देणे न देणे हा स्त्रीचा अधिकार आहे, आणि देहाविषयीचे अज्ञान हेच त्याच्या दुःखाचे मोठे कारण आहे. यावरून ते केवळ स्वैराचाराचे पुरस्कर्ते होते असा समज त्यांच्या टीकाकारांनी पसरविला. तो समज त्यांच्या लेखनाला धरून नाही. त्यांनी गुप्तरोगांपासून बचाव, आहार आणि व्यायाम यांवरही लिहिले. ‘आधुनिक आहारशास्त्र’ हे त्यांचेच पुस्तक. शरीर निरोगी ठेवणे हे त्यांच्या दृष्टीने माणसाचे काम होते, पण ते त्याच्यावर लादण्याचा अधिकार धर्माला किंवा सरकारला नव्हता. कर्तव्य मान्य, सक्ती अमान्य, असे त्यांच्या भूमिकेचे वर्णन करता येईल.

त्यांच्यावर अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले झाले. १९३१ च्या खटल्यात त्यांना दंड झाला. १९३४ च्या खटल्यात, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल, त्यांच्या बचावासाठी डॉ. आंबेडकर उभे राहिले. तरीही शिक्षा झालीच. मासिकाचे कार्यालय म्हणजे राहते घर, वर्गणीदार थोडे आणि दंड भरायचा पदरचा, अशी ती लढाई होती.

कर्वे यांच्या विरुद्ध बाजूला महात्मा गांधी होते. गर्भधारणा टाळण्यासाठी कृत्रिम साधनांऐवजी संयम पाळावा, असे त्यांचे मत होते. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. दोघांचे मतभेद कायम राहिले. स्त्रीने पतीला नकार देण्यास शिकावे, असे गांधीजींचे म्हणणे होते. स्त्रीचा देह तिच्या इच्छेवर असावा, याबद्दल म्हणजे गांधी आणि कर्वे यांच्यात वाद नव्हता. वाद होता तो स्वातंत्र्य इंद्रियांवर विजय मिळवून येते की ज्ञान आणि साधने हाती आल्याने, याविषयी. नकार देण्याची ताकद ज्या स्त्रीकडे नाही तिचे काय, हा कर्वे यांच्या पक्षाचा प्रश्न व्यवहारात अधिक वजनदार ठरला.

मनमाड परिषद आणि श्रमिकांचा देह

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली झाली. मनमाड हे मुंबई–भुसावळ मार्गावरील मोठे जंक्शन. दौंडकडे आणि निजामाच्या राज्याकडे जाणारे लोहमार्ग येथून फुटत. याच रस्त्यावरील येवले येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली होती.

मनमाडच्या भाषणात त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता असा आपला अर्थ नसून स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा अभाव असा आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. हे भाषण सामान्यतः कामगार चळवळीच्या इतिहासात वाचले जाते. देहस्वातंत्र्याच्या दृष्टीनेही ते तितकेच महत्त्वाचे आहे. रेल्वेतील अस्पृश्य कामगार प्रायः गँगमन म्हणूनच राहतो, त्याला हमालाची (पोर्टरची) जागाही मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकामही करून घेतो आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नाही, ही वस्तुस्थिती त्यांनी मांडली. मुंबईच्या कापड गिरण्यांतही विणकाम खात्याची दारे अशीच बंद होती; धोट्यात नवी कांडी घालताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि तेथे विटाळाचा प्रश्न येई.

लॉकच्या सिद्धांतानुसार माणूस आपल्या देहाचा मालक असल्याने आपल्या श्रमाचाही मालक असतो. मनमाडच्या युक्तिवादाने या सिद्धांतातील पोकळी दाखविली. रूळ उचलताना ज्या हाताला कोणी हरकत घेत नव्हते तोच हात पाण्याचा हंडा उचलताना चालत नव्हता. देहाचे मूल्य कोणत्या कामासाठी आणि किती, हे देहाचा धनी ठरवीत नव्हता. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी पाणी पिण्याची कृती याच कारणाने राजकीय होती: तहान लागलेल्या देहाने सार्वजनिक पाणी प्यावे, एवढेच तिथे करायचे होते.

आंबेडकरांनी स्वतःप्रती कर्तव्याचीही भाषा वापरली. नागपूर येथे २० जुलै १९४२ रोजी भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी स्वच्छ राहण्याचा, लग्नाची घाई न करण्याचा आणि अधिक मुले होऊ न देण्याचा आग्रह धरला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी मांडलेला ठराव आंबेडकरांच्याच विचारांवर आधारलेला होता. तो फेटाळला गेला. येथे आत्मसन्मान हा कर्तव्याचा आधार आहे. ज्या देहाला समाजाने हीन ठरविले त्याची निगा राखणे हा प्रतिकाराचा भाग होता.

देहत्यागाचा वाद

जीवन स्वतःहून संपविण्याचा अधिकार माणसाला आहे काय, हा या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दाखविल्याप्रमाणे धर्मशास्त्रांनी आत्मघात सामान्यतः निषिद्ध मानला. महाप्रस्थानासारखे काही अपवाद सांगितले. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदी येथे घेतलेली समाधी परंपरेने ‘संजीवन’ मानली आहे, म्हणजे ती मृत्यूच्या सदरात धरलीच जात नाही.

वि. दा. सावरकर यांनी ‘आत्महत्या की आत्मार्पण’ या लेखात या दोहोंत भेद केला. निराशेने जीव देणे ही आत्महत्या. जीवितकार्य पूर्ण झाल्यावर तृप्त मनाने देह ठेवणे हे आत्मार्पण. फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांनी अन्न व औषध सोडले आणि २६ फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. आचार्य विनोबा भावे यांनीही अखेरच्या आजारात अन्न व औषध नाकारले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे ते निवर्तले.

या भेदावर गंभीर आक्षेप आहेत. कृतार्थता आणि निराशा यांतील रेषा बाहेरून ओळखता येत नाही. नैराश्याने ग्रासलेल्या माणसालाही आपले काम संपले असेच वाटते. दीर्घ आयुष्य जगलेल्या कीर्तिमान पुरुषांसाठी केलेली व्याख्या एकाकी, आजारी किंवा कर्जबाजारी माणसाला लावणे धोक्याचे आहे. आत्महत्येचा विचार बहुतेकदा उपचार आणि आधार यांनी ओसरणाऱ्या मनोवस्थेतून येतो, असे आधुनिक मानसशास्त्र मानते. अशा वेळी केलेला हस्तक्षेप व्यक्तीचे स्वातंत्र्य हिरावत नाही. ते परत मिळेपर्यंत राखून ठेवतो.

कायदेशीर वाटचाल

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. अर्जदार मुंबई पोलीस दलातील शिपाई होते आणि अपघातानंतर त्यांना मानसिक आजार जडला होता. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने जगण्याच्या हक्कात न जगण्याचाही हक्क येतो असे म्हटले आणि अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचारांची गरज असते याकडे लक्ष वेधले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पी. रतिनम खटल्यात तसाच निर्णय दिला, परंतु १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात घटनापीठाने तो फिरविला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी साहाय्य देण्याची तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ ची सरसकट तरतूद नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला असा प्रयत्न मात्र गुन्हा आहे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला आणि त्या आयुष्यभर जवळजवळ निश्चेष्ट अवस्थेत राहिल्या. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निष्क्रिय दयामरणाचे तत्त्व मर्यादित स्वरूपात मान्य केले, परंतु अरुणा यांच्या बाबतीत परवानगी दिली नाही. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने इतकी वर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना दिला. स्वतःचे मत सांगू न शकणाऱ्या देहाविषयी कोणी बोलावे, याचे ‘ज्याने तो देह जपला त्याने’ हे उत्तर मालकीच्या कोणत्याही सिद्धांतात बसत नाही. अरुणा यांचे १८ मे २०१५ रोजी निधन झाले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि पूर्वलिखित वैद्यकीय इच्छापत्र यांना मान्यता दिली.

गर्भपातासंबंधीचा १९७१ चा कायदा महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर आधारलेला होता. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कैदी स्त्रियांविषयी स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात, आपल्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा हक्क तुरुंगातील स्त्रीलाही आहे, असे नमूद केले. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार अवयव दान करता येतो, विकता येत नाही. देहाच्या बाबतीत माणूस दाता होऊ शकतो, विक्रेता नाही. येथे भारतीय कायदा मिलपेक्षा कांटच्या जवळ आहे.

हितासाठी सक्ती

व्यक्तीच्याच भल्यासाठी तिच्यावर सक्ती करावी काय, हा वाद महाराष्ट्रात दोन गोष्टींवरून नेहमी उद्भवतो. हेल्मेटसक्तीला पुण्यात २०१९ च्या आरंभी संघटित विरोध झाला. डोके आमचे, निर्णय आमचा, असा त्याचा रोख होता. अपघातानंतरचा खर्च कुटुंबावर आणि रुग्णालयांवर पडतो, हे त्यावरील उत्तर.

दुसरी गोष्ट दारू. महाराष्ट्रात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अद्याप लागू असून मद्यप्राशनासाठी परवाना लागतो. हा परवाना आरोग्य राखण्याच्या कारणासाठी दिला जातो. देहाप्रती कर्तव्याचा इतका उपरोधिक अर्थ तत्त्वज्ञांच्या कल्पनेतही आला नसेल. वर्धा (१९७५) आणि गडचिरोली (१९९३) या जिल्ह्यांत संपूर्ण बंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. दारूबंदीच्या चळवळींत स्त्रिया पुढे राहिल्या आहेत. दारू पिणारा ज्याला ‘माझ्या देहापुरता प्रश्न’ म्हणतो तो त्यांच्या घरात मारहाण आणि उपासमार होऊन येतो. मिलचा ‘स्वतःपुरते’ आणि ‘इतरांशी संबंधित’ हा भेद घराच्या उंबरठ्यावर टिकत नाही, हा त्यांच्या अनुभवाचा अर्थ होय.

संमती आणि गरज

मिल आणि कर्वे या दोघांच्याही विचारात संमती हा कळीचा शब्द आहे. त्या शब्दाची कसोटी पाहणारे प्रकरण २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात पुढे आले. ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे वृत्त आल्यावर विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतली जाते. कामाला खाडा पडला तर पैसे कापले जातात. मासिक पाळी, पोटदुखी, फडाजवळच्या खोपीत शौचालय व पाणी नसल्याने होणारा संसर्ग हे सर्व खाड्याची कारणे ठरतात. शस्त्रक्रियेच्या कागदावर या स्त्रियांची सही किंवा अंगठा होता. कागदोपत्री ती संमती होती. ज्या देहावर हंगामभराची उचल आधीच घेतलेली आहे त्याविषयी दिलेल्या संमतीला स्वेच्छा म्हणता येईल काय, हा प्रश्न मिलच्या गुलामीच्या उदाहरणाशी जाऊन भिडतो. फरक इतकाच की मिलच्या उदाहरणातील माणूस स्वतःला एकदाच विकतो. येथे व्यवहार दर दसऱ्याला नव्याने होतो.